शमुवेलाचा सामाजी

शेलूहून कर्जत लोकलने मुंबईला जाणाऱ्या माणसाचा मशीद स्टेशनाशी फारसा संबंध येत नाही. बहुतेक गाड्या भायखळ्यानंतर थेट सीएसएमटीलाच थांबतात. मी मात्र वर्षातून चार-पाच वेळा मुद्दाम भायखळ्याला उतरून धीमी लोकल धरतो आणि मशीदला उतरून, हातगाड्या नि गोण्यांमधून वाट काढत सॅम्युएल स्ट्रीट गाठतो. एका नावाने मला या रस्त्याची ओढ लावली आहे.

ते नाव हिब्रू आहे. शिन, मेम, वाव, आलेफ, लामेद अशी त्याची पाच अक्षरं. मराठी बायबलमध्ये ते शमुवेल होतं, अरबीत समुइल किंवा समवाल, इंग्रजीत सॅम्युएल. आणि आपल्या कोकणात? सामाजी.

नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं गलबत, वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, हे सगळं रायगडच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. या कोकणी ज्यूंची, म्हणजे बेने इस्राएलांची, आडनावंही ओळखीचीच: किहीमचे किहीमकर, चौलचे चेउलकर, झिराडचे झिराडकर. आडनावांना गाव मिळालं, तसा नावांना मराठीचा ‘जी’ मिळाला. अब्राहामाचा आबाजी झाला, यहेज्केलाचा हसाजी, शमुवेलाचा सामाजी. शिवाजी-संभाजीच्या मुलखात राहणाऱ्या माणसांनी आपल्या पूर्वजांची नावं शेजाऱ्यांच्या तोंडी सहज बसतील अशी करून घेतली. याला कुणी अपभ्रंश म्हटलं की मला राहवत नाही. पाहुणा घरचा व्हावा, तशी ही नावं मराठी झाली आहेत.

या नावाचा अर्थ काय, यावरून मात्र जुना वाद आहे. बायबलमधली हन्ना निपुत्रिक होती. तिने शिलोच्या मंदिरात नवस केला की मुलगा झाला तर तो देवालाच वाहीन. मुलगा झाला आणि ‘मी याला देवाकडून मागितलं’ असं म्हणून तिने त्याचं नाव शमुवेल ठेवलं. अडचण अशी की हिब्रूत मागणं म्हणजे ‘शाअल’. ते शौल राजाच्या नावात जसंच्या तसं बसतं, शमुवेलात नाही. म्हणून कुणी ते ‘शामा’ म्हणजे ऐकणं या धातूशी जोडतात: देवाने ऐकलं तो. व्याकरणाचे अभ्यासक ‘शेम’ म्हणजे नाव हा शब्द पुढे करतात: ज्याचं नाव देव आहे तो. व्याकरण त्यांच्या बाजूने असेल. पण नवस म्हणजे काय हे जाणणाऱ्या आपल्या लोकांना हन्नाचं म्हणणं लगेच पटतं. मागितलं, ऐकलं गेलं, आता फेडायचं.

हे नाव जगभर फिरलं. सहाव्या शतकात अरबस्तानात तयमाच्या किल्ल्यात समवाल नावाचा ज्यू कवी होता. दिलेला शब्द पाळणाऱ्याला अरबीत आजही त्याची उपमा देतात. अकराव्या शतकात ग्रॅनाडाचा वजीर असलेला शमुएल हानागीद हिब्रू कविता लिहीत असे आणि फौजेबरोबर मोहिमेवरही जात असे. जेरुसलेमजवळच्या टेकडीवरचं गाव नबी समुइल शमुवेल संदेष्ट्याच्याच कबरीच्या नावाने ओळखलं जातं. तिथे एकाच इमारतीत वर मशीद आहे आणि खाली ज्यूंचं प्रार्थनास्थळ.

पण या सगळ्यांत माझा जीव गुंतला आहे तो सामाजी हसाजी दिवेकर या माणसात. तो कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत अंमलदार होता. 1780 ते 1784 या दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत सापडला. पुढची हकिकत बेने इस्राएल घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कैद्यांना मारण्याचा हुकूम होता. जात-धर्म विचारला तेव्हा सामाजीने ‘बेने इस्राएल’ असं उत्तर दिलं. टिपूच्या आईने हे नाव कुराणात ऐकलं होतं, त्या लोकांतला माणूस कधी पाहिला नव्हता. तिने रदबदली केली आणि सामाजी वाचला. सुखरूप परतलो तर मुंबईत सिनेगॉग बांधीन, असा त्याचा नवस होता.

कुराणातले ‘बनी इस्राईल’चे उल्लेख शोधत असताना दुसऱ्या सूरेतल्या 246व्या आयतीशी मी थबकलो. मूसानंतरच्या काळात बनी इस्राईलचे सरदार आपल्या एका नबीकडे राजा मागतात, असा तो प्रसंग. नबीचं नाव आयतीत नाही. भाष्यकार मात्र सांगतात की तो समुइल. म्हणजे ज्या लोकांचं नाव घेऊन सामाजीचा जीव वाचला, त्यांच्या गोष्टीत त्याच्याच नावाचा संदेष्टा नाव न घेता उभा होता! त्या दिवशी मी दुसरं काही वाचलं नाही.

सामाजीने नवस फेडला तो 1796 मध्ये. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग, शार हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. बेने इस्राएल सिनेगॉगला मशीदच म्हणत. 1840 मध्ये नवी मशीद झाल्यावर ही जुनी मशीद ठरली. 1860 मध्ये ती सॅम्युएल स्ट्रीटवरच्या आजच्या जागी आली. स्टेशनाचं नाव आसपासच्या मुसलमानी मशिदींवरून पडलं की या मशिदीवरून, याबद्दल दोन मतं आहेत. बेने इस्राएल ते आपल्या मशिदीवरून पडलं असं मानतात. माझाही कौल त्यांनाच.

मग सामाजीचा सॅम्युएल कधी झाला? एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत आणलं, बेने इस्राएलांची मुलं शाळेत मूळ ग्रंथ वाचू लागली. हा लाभ मोठा होता. पण मुळाकडे परतताना नावांनी वाट धरली ती इंग्रजीची. आबाजीचा अब्राहाम झाला, सामाजीचा सॅम्युएल. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाचा इतिहास लिहिला, 1875 मध्ये शाळा काढली. त्यांचा ग्रंथ 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यांच्या नावात हिब्रू, इंग्रजी आणि मराठी असे तिन्ही थर एका ओळीत बसले आहेत.

सिनेगॉगमध्ये तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ वाचायला बोलावतात ते हिब्रू नावाने, बापाच्या नावासकट. तिथे सामाजी म्हणजे शमुएल बेन यहेज्केल. वस्तीत, फौजेत, बायका-मुलांत तो सामाजी हसाजी. सॅम्युएल ही हाक त्याच्या कानांना परकी वाटली असती, आणि रस्ता नेमका त्याच हाकेने ओळखला जातो. त्या रस्त्याच्या पाटीवर एक शब्द वाढवावा आणि तो ‘सामाजी’ असावा, एवढंच माझं मागणं आहे.

सिनेगॉग उभं राहिल्यावर त्यात ठेवायला तोराच्या गुंडाळ्या हव्यात म्हणून सामाजी कोचीनला गेला आणि 1797 मध्ये तिकडेच वारला, असं सांगतात. नवस फेडून झाला होता, तरी तो थांबला नाही. रिकाम्या द्वारात ग्रंथ आणायला निघालेल्या त्या मराठी माणसाला त्याच्याच रस्त्यावर त्याच्या नावाने कुणी हाक मारत नाही. म्हणून परतीच्या गाडीकडे वळण्याआधी मी जुन्या मशिदीच्या दाराशी क्षणभर थांबतो आणि हळूच म्हणतो, “सामाजी, येतो.”