सात शनिवारांचं स्टेडियम

आज अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या स्टेडियमविषयी बोलायचं आहे. आपल्याकडे कॉलेजचं मैदान म्हटलं की एन.सी.सी.ची परेड, डिसेंबरातलं स्नेहसंमेलन, एखादा कबड्डीचा सामना आणि संध्याकाळी भिंतीवरून उड्या मारून आत शिरलेली गल्लीतली पोरं, एवढंच डोळ्यांपुढे येतं. तिथला प्रकार निराळा आहे. मिशिगन विद्यापीठाचं ॲन आर्बर इथलं स्टेडियम १ लाख ७ हजार प्रेक्षकांचं आहे आणि त्या अख्ख्या गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. सामन्याच्या दिवशी गावात जवळजवळ दुसरं गाव येऊन बसतं म्हणा ना. खेळणारी मुलं त्याच विद्यापीठात शिकणारी. खेळ अमेरिकन फुटबॉलचा. त्याला फुटबॉल का म्हणतात हे मला अजून उमगलेलं नाही, कारण चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो.

हे सामने मुख्यतः शनिवारी होतात. हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत. एकूण सामने १२ आणि त्यांतले साधारण निम्मे परगावी. स्वतःच्या मैदानावर वर्षाकाठी सहा किंवा सात सामने होतात. हा सहा-सातचा आकडा कृपया ध्यानात ठेवावा. पुढचं सगळं भांडण त्याच्याभोवती आहे.

शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी, एव्हन्स्टन नावाचं शहर आहे. वस्ती सुमारे ७८ हजार. तिथे १८५१ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ स्थापन झालं आणि शहराला नाव मिळालं ते विद्यापीठाच्या संस्थापकांपैकी एक, जॉन इव्हान्स, यांच्यावरून. विद्यापीठ आधीचं आणि शहर नंतरचं. विद्यापीठाच्या सनदेत १८५५ मध्ये दुरुस्ती झाली आणि दोन गोष्टी ठरल्या. विद्यापीठाच्या मालमत्तेवर कर लागणार नाही आणि विद्यापीठापासून चार मैलांच्या आत दारू विकली जाणार नाही. दारूबंदी पुढे शंभराहून अधिक वर्षांनी सैल झाली. करमाफी मात्र आजही आहे. सरोवराकाठची मोक्याची जमीन विद्यापीठाकडे आणि मालमत्ता कराचा भार बाकीच्या घरमालकांवर, ही सल त्या शहरात जुनी आहे. स्टेडियमच्या वादात बोलणारा माणूस पार्किंगपासून सुरुवात करायचा आणि बघता बघता करमाफीवर यायचा, त्याचं कारण हे.

स्टेडियम १९२६ मध्ये उभं राहिलं. विद्यापीठाचे व्यवहार पाहणारे आणि एके काळी शहराचे महापौर असलेले विल्यम डाइश यांचं नाव त्याला दिलं गेलं. हे नाव कधी बदलणार नाही असा ठराव विश्वस्तांनी त्याच वर्षी केला. १९९७ मध्ये रायन या देणगीदार कुटुंबाचं नाव स्टेडियमला मिळालं. जुन्या ठरावाचं काय, असं विचारल्यावर उत्तर आलं की आधीच्या विश्वस्तांचे ठराव आजच्या विश्वस्तांवर बंधनकारक नाहीत. कायद्यानं ते बरोबरही असेल. पण शेजाऱ्यांनी ते लक्षात ठेवलं नसेल, असं मला वाटत नाही.

२०२१ मध्ये याच रायन कुटुंबानं विद्यापीठाला ४८ कोटी डॉलरची देणगी जाहीर केली. पाठोपाठ, २०२२ मध्ये, जुनं स्टेडियम पाडून त्याच जागी नवं बांधायचा आराखडा पुढे आला. खर्चाचा अंदाज ८० कोटी डॉलर. गंमत अशी की नवं स्टेडियम जुन्याहून लहान. जुन्यात ४७ हजारांवर प्रेक्षक बसायचे, नव्यात ३५ हजार बसणार. आसनं कमी पण सोयी जास्त, अपंगांना जाण्यायेण्याच्या नीट वाटा, थंडीवाऱ्यापासून आडोसा. एवढ्यावरच बात थांबती तर फारसा गलका झाला नसता. जुनं बांधकाम शंभरीला आलं होतं आणि तिथे नवं व्हायला हवं हे अनेक विरोधकांनाही मान्य होतं.

विद्यापीठाला मात्र त्याबरोबर आणखी एक परवानगी हवी होती. तिकीट लावून गाण्याच्या मोठ्या मैफली करण्याची. सुरुवातीला वर्षाला दहा-बारा, मग विरोध पाहून सहा. वर्षात सात दिवस भरणाऱ्या वास्तूवर ८० कोटी डॉलर घालायचे आणि उरलेले साडेतीनशे दिवस कुलूप लावायचं, हे परवडणारं नाही, असं विद्यापीठाचं म्हणणं. हिशेब म्हणून ते चुकीचं नव्हतं. पण ती जागा नियमानुसार विद्यापीठाच्या खेळांसाठी होती, व्यावसायिक कार्यक्रमांसाठी नव्हती. त्यासाठी नगरपालिकेला जमीनवापराचा नियम बदलावा लागणार होता. असाच प्रसंग पूर्वीही आला होता. १९७० मध्ये शिकागो बेअर्स या धंदेवाईक संघानं इथे एक सामना खेळला. पुढे इथेच मुक्काम करायचा त्यांचा मनसुबा शहरातल्या विरोधामुळे बारगळला.

आता पार्किंगचं गणित. स्टेडियमच्या चारी बाजूंना राहती घरं आहेत. जवळच मोठं इस्पितळ आहे, तिथे रुग्णवाहिका चालू असतात. ३५ हजार प्रेक्षकांपैकी निम्मे मोटारीनं आले आणि एका मोटारीत सरासरी अडीच माणसं धरली, तरी सात हजार मोटारी होतात. एक मोटार उभी करायला, मागेपुढे वळायच्या जागेसकट, सुमारे २५ चौरस मीटर लागतात. म्हणजे पावणेदोन लाख चौरस मीटर, ४३ एकर. जिथे खेळ चालतो ते फुटबॉलचं मैदान जेमतेम सव्वा-दीड एकराचं. बावीस पोरांच्या खेळापेक्षा बत्तीसपट जागा मोटारींना! एवढी मोकळी जमीन भरवस्तीत कुठून येणार? मग शेजारच्या गोल्फच्या हिरवळीवर गाड्या लागतात आणि उरलेल्या गल्ल्यांत शिरतात. अशा विद्यापीठांच्या गावांत कित्येक घरमालक सामन्याच्या दिवशी आपल्या अंगणातली जागा भाड्यानं देऊन चार पैसे सुटवतात.

त्यातही पार्किंग म्हणजे नुसती गाडी ठेवायची जागा नाही. ‘टेलगेटिंग’ नावाची एक चाल तिथे आहे. सामन्याच्या आधी तीन-चार तास लोक येतात, गाडीची मागची फळी उघडतात, शेगडी पेटवतात, मांस भाजतात, बिअर काढतात, शेजारच्या गाडीवाल्याला बोलावतात. बापानं पोराला, पोरानं नातवाला आणायचं. आपल्या जत्रेत बैलगाड्या सोडून चुली मांडतात तसंच काहीसं. त्यामुळे ‘लांब कुठेतरी गाडी लावा आणि बसनं या’ असं सांगितलं की जुने चाहते नाराज होतात. त्यांच्या लेखी अर्धा सण तिथेच संपतो.

रहदारीचा घोळ येताना कमी, जाताना जास्त. येणारे तीन तासांत विखरून येतात. जाणारे सगळे शिट्टी वाजल्याबरोबर निघतात. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला सात-आठशे मोटारी पुढे सरकतात. बाहेर पडायला अशा चार मार्गिका मिळाल्या तरी सात हजार मोटारींना दोन तासांहून जास्त वेळ लागणार. शनिवारी दुपारचा सामना असेल तर हे संध्याकाळपर्यंत निभतं. मैफल रात्री दहाच्या सुमारास संपली तर मध्यरात्र होते आणि ती शनिवारीच असेल असंही नाही. शिवाय शेजारचं विल्मेट हे गाव काही गल्ल्या ओलांडल्या की लागतं. गाड्या त्यांच्या रस्त्यांवरून जाणार, पण एव्हन्स्टनच्या नगरपालिकेत त्या गावकऱ्यांना मत नाही.

एक जमेची बाजू आहे. स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन रेल्वे स्थानकं आहेत, एक शहरी गाडीचं, एक उपनगरी गाडीचं. मुंबईकराला हे पटकन कळेल. वानखेडे स्टेडियमचा सामना संपला की माणसं चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या दिशेनं चालू लागतात. तिथे सगळे मोटारीनं येऊ लागले तर मरीन ड्राइव्हचा समुद्र बुजवावा लागेल. उलट पुण्याजवळ गहुंजे इथे २०१२ मध्ये स्टेडियम झालं ते द्रुतगती मार्गाच्या कडेला. जागा ऐसपैस, पण वाहनाशिवाय तिथे जाणं कठीण. स्टेडियम गावात ठेवलं तर शेजारी रडतात आणि गावाबाहेर नेलं तर प्रेक्षक. एव्हन्स्टनमध्ये विद्यापीठानं आगगाडीवर, दूरच्या पार्किंगमधून सोडायच्या बसवर भर देऊ असं सांगितलं. शेजारी म्हणाले, कागदावर सगळेच आगगाडीनं येतात.

मला यात सर्वांत विचार करण्याजोगा वाटला तो दिवसांचा प्रश्न. आमच्या ईदगाहचं मैदान वर्षातून दोनदा भरतं, तेही सकाळी तास-दीड तास. त्या दोन सकाळी आसपासच्या वस्तीतले लोक दारापुढे लागलेल्या शे-दोनशे स्कूटर्स सोसतात. नुसत्या सोसत नाहीत, कोणी पाण्याचा माठ बाहेर ठेवतो, कोणी म्हाताऱ्याला ओट्यावर बसवतो, मग शीरखुर्म्याचे डबे इकडून तिकडे जातात. उरूस असो की पालखीचा मुक्काम, असंच असतं. पण उद्या त्याच मैदानावर तिकीट लावून रात्रीचे कार्यक्रम सुरू झाले, तर तोच माठ बाहेर येईल का? गर्दी तेवढीच असेल, किंबहुना कमी असेल. पण शेजाऱ्यानं जी जागा मनानं दिली होती ती दोन दिवसांसाठी दिली होती. एव्हन्स्टनचे लोक सात शनिवारांना सरावलेले होते, कित्येकांना ते आवडतही होते. आणखी सहा रात्री मागितल्यावर ते बिथरले. बाहेरच्याला तेरा म्हणजे फार वाटत नाहीत. पण आज सहा तर उद्या किती, हे त्यांना कळत नव्हतं आणि १९२६ च्या ठरावाचं काय झालं ते त्यांनी पाहिलेलं होतं.

दुसरी बाजूही हलकी नव्हती. बांधकाम कामगारांच्या संघटनांना काम हवं होतं. अल्पसंख्याकांच्या आणि स्त्रियांच्या मालकीच्या छोट्या कंत्राटदारांना कामाचा वाटा मिळणार होता. मध्यंतरी २०२३ च्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या छळवणुकीचं प्रकरण बाहेर आलं, प्रशिक्षकाची गच्छंती झाली आणि काही प्राध्यापकांनीच स्टेडियमचं काम तूर्त थांबवा अशी मागणी केली. शहराच्या जमीनवापर आयोगानं मैफलींसाठी नियम बदलू नये अशी शिफारस केली. सभांमागून सभा झाल्या, एकेकाला माइकपुढे मोजकी मिनिटं. शेवटी २० नोव्हेंबर २०२३ रोजी नगरपालिकेत मैफलींच्या प्रश्नावर मतं समसमान पडली आणि महापौर डॅनियल बिस यांच्या निर्णायक मतानं परवानगी मिळाली. वर्षाला जास्तीत जास्त सहा मैफली. त्याबरोबर विद्यापीठानं शहराला १५ वर्षांत १५ कोटी ७५ लाख डॉलरचे लाभ द्यायचं लेखी कबूल केलं. विरोधी रहिवाशांची संघटना पुढे कोर्टात गेली.

आपल्याकडेही शिक्षणसंस्थेचं स्टेडियम आणि त्यात मैफली, हे नवं नाही. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ पासून आहे, संस्थेच्याच आवारात. तिथे आय.पी.एल. झालं, २०१७ मध्ये जस्टिन बीबर आला, २०१९ मध्ये यू-टू, आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या तीन रात्री झाल्या. त्या दिवसांत पोलिसांनी अवजड वाहनांना नवी मुंबईत बंदी केली. वाहतुकीचा बंदोबस्त चोख असेलही. पण शेजारच्या सोसायटीतल्या माणसाला अशा कार्यक्रमाची वार्ता कळते ती बहुधा वर्तमानपत्रात आलेल्या वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेतून. अमुक रस्ता बंद, तमुक मार्गानं जावे. वर्षाला अशा किती रात्री व्हाव्यात, किती वाजता संपाव्यात, त्याबदल्यात शहराला काय मिळावं, यावर नगरसेवक हात वर करून मतं देतायत आणि रहिवासी समोर बसून ती मोजतायत, असं दृश्य मला आपल्याकडे आठवत नाही. एव्हन्स्टनचे शेजारी मैफलींच्या बाबतीत हरले. पण बारावरून सहावर आणलं ते त्यांनीच.

जुनं स्टेडियम २०२४ मध्ये पाडलं. २०२६ च्या हंगामासाठी त्याच जागी नवं बांधायला घेतलं. मधले दोन हंगाम विद्यापीठानं सरोवराच्या अगदी काठावर तात्पुरतं मैदान थाटलं, जेमतेम १२ हजार आसनांचं, आणि काही मोठे सामने शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या स्टेडियममध्ये खेळवले. काठावरच्या त्या छोट्या मैदानात गोलखांबांपलीकडे थेट निळं पाणी दिसायचं आणि ते बऱ्याच लोकांना फार आवडलं. ८० कोटींचा आकडा ऐकून ऐकून कान किटलेल्या काही जणांनी तर विचारलं म्हणे, की एवढ्यात का भागू नये? अर्थात तोवर जुन्या स्टेडियमचा राडारोडाही उचलून झाला होता.