घराची खबर मोलकरणीला

कोरियन थरारपट म्हटले की आपल्याला सूडकथा आणि सीरियल किलर आठवतात. पण तिथल्या गरीब-श्रीमंत दरीबद्दल सगळ्यात बोचरं सांगून गेलेले सिनेमे एका घराच्या भिंतींबाहेर फारसे जात नाहीत, आणि त्यांच्या मध्यभागी असते घरकाम करणारी बाई. किम की-यंग यांचा १९६० सालचा 'द हाउसमेड', इम सांग-सू यांनी २०१० साली केलेली त्याची नवी आवृत्ती आणि बोंग जून-हो यांचा २०१९ सालचा 'पॅरासाइट' हे तीन सिनेमे शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांतली भीती नेमकी कशी तयार होते ते नीट कळतं. ते सांगताना कथानकं उघड होणारच, तेव्हा ज्यांना आधी सिनेमे पाहायचे आहेत त्यांनी हा लेख बाजूला ठेवावा.

या भीतीचं मूळ घरकामातच आहे. कोणत्या कपाटात काय ठेवलंय, जिन्यावरून कोण कधी उतरतं, साहेब-बाईसाहेबांचं कशावरून बिनसलंय, मुलं कशाला घाबरतात, हे काम करणाऱ्या बाईला तोंडपाठ असतं. तिच्याबद्दल मात्र मालकांना जवळपास काहीच ठाऊक नसतं, आणि ते कधी विचारतही नाहीत. ओळख अशी एकाच बाजूची. त्यात घरातलं अन्न तिच्या हातचं, मुलं तिच्या हवाली, किल्ल्या तिच्या कमरेला. घरात शिरायला दरोडेखोराला जी खटपट करावी लागते ती तिला करावी लागत नाही. दार मालकच उघडतात.

१९५३ साली कोरियन युद्ध थांबलं तेव्हा दक्षिण कोरिया कंगाल झालेला होता. खेड्यांतल्या मुली सोलला येऊन घरोघरी कामाला राहू लागल्या. त्यांना 'सिकमो' म्हणत. डोक्यावर छप्पर, दोन वेळचं जेवण आणि हातावर ठेवतील तेवढे पैसे. अशी मुलगी ठेवायला घर धनाढ्य असावं लागत नसे, बेताच्या उत्पन्नाच्या घरांतही ती असे. पुढे अपार्टमेंट उभी राहिली तेव्हा स्वयंपाकघराला लागून तिच्यासाठी एक चिंचोळी खोली काढलेली असायची. कारखाने वाढले तशा या मुली तिकडे वळल्या आणि त्यांच्या जागी ठरावीक तास काम करून जाणाऱ्या मध्यमवयीन बायका आल्या. १९५३ च्याच कामगार कायद्याने घरकामाला आपल्या कक्षेबाहेर ठेवलं होतं. घरकामगारांसाठी वेगळा कायदा मंजूर व्हायला २०२१ साल उजाडलं, आणि तो जून २०२२ मध्ये लागू झाला. हे तिन्ही सिनेमे त्याआधीचे आहेत. त्यांतली बाई दाद मागायला कुठे जात नाही, याचं एक कारण हेही.

किम की-यंग यांच्या सिनेमातलं कुटुंब श्रीमंत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. नवरा कापड गिरणीतल्या कामगार मुलींना संगीत शिकवतो. बायको शिवणयंत्रावर राब राब राबते, त्या पैशांतून दुमजली घर उभं राहतं आणि वरच्या खोलीत पियानो येतो. एवढ्या कष्टांनी बायकोची तब्येत ढासळते, म्हणून मोलकरीण लागते. ती गिरणीतल्याच एका मुलीच्या ओळखीने येते. म्हणजे हे घर नुकतंच एक पायरी वर चढलंय आणि मोलकरीण ठेवणं ही त्या चढण्याची खूण आहे.

मग किम आपल्याला घर दाखवतात. खाली स्वयंपाकघर, तिथल्या कपाटात उंदराचं विष. वर पियानोची खोली, तिला लागूनच मोलकरणीची खोली, दोन्हींना बाहेरच्या बाजूने काचेची सरकती दारं. मध्ये जिना. मोलकरीण स्वयंपाकघरातला उंदीर नुसत्या हाताने उचलते आणि घरातली माणसं शहारतात. त्याच क्षणी विषाची जागा आपल्या लक्षात राहते, तिच्याही. रात्री ती काचेबाहेर उभी राहून पियानोच्या खोलीत पाहत असते, आणि कॅमेरा काचेच्या बाहेरूनच एका खोलीवरून दुसरीवर सरकतो. भिंत आहे, पण आडोसा नाही. इथून पुढे कुणी पाण्याचा पेला जरी उचलला तरी जीव खालीवर होतो. भूतबित काही न आणता किम यांनी रोजचं स्वयंपाकघर इतकं भयंकर केलं, याला मी पहिल्या प्रतीचं दिग्दर्शन म्हणेन.

मोलकरणीला मालकापासून दिवस जातात. बायको तिची समजूत घालून तिला जिन्यावरून पडायला लावते आणि गर्भ जातो. त्यानंतर सत्ता फिरते. गिरणीत जाऊन सगळं सांगेन, एवढं एकच वाक्य मोलकरणीपाशी आहे, पण तेवढं पुरतं. गोष्ट फुटली तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर घर जाईल. त्या धाकापायी बायको नवऱ्याला वरच्या मजल्यावर जाऊ देते आणि स्वतः ताट वाढून जिना चढते. घरातला मुलगा याच जिन्यावरून पडून मरतो. शेवटी मोलकरीण आणि मालक दोघंही विष घेतात. तो मरता मरता खाली बायकोकडे निघतो, ती त्याचा पाय सोडत नाही, आणि प्रत्येक पायरीवर तिचं डोकं आपटत जातं. जो जिना चढण्यासाठी सगळा आटापिटा केला, त्यावरून सगळे एकेक करून खाली येतात.

किम यांना हा विषय सुटला नाही. १९७१ आणि १९८२ साली त्यांनी तीच कथा नव्याने केली. १९७१ च्या 'वूमन ऑफ फायर'मध्ये मोलकरीण झालेल्या नवख्या नटीचं नाव युन यो-जंग. 'मिनारी'साठी २०२१ साली ऑस्कर स्वीकारताना आपले पहिले दिग्दर्शक म्हणून तिने किम यांचे आभार मानले. ते ऐकायला किम नव्हते. १९९८ साली घराला लागलेल्या आगीत ते आणि त्यांची पत्नी दोघंही गेले होते.

इम सांग-सू यांच्या २०१० च्या सिनेमात हीच युन यो-जंग घरातली जुनीजाणती मोलकरीण आहे, आणि माझ्या मते तो सिनेमा तिच्यासाठीच पाहावा. इथलं घर अफाट श्रीमंत आहे. पियानो, वाईन, संगमरवर, छताला भलंमोठं झुंबर. मालकांना पडण्याची भीतीच उरलेली नाही, त्यामुळे धमकीला काही वजन नाही. नव्या मोलकरणीला दिवस गेले की मालकिणीची आई तिला उंच शिडीवरून पाडते. पुढे औषधातून विष देऊन गर्भ पाडला जातो. पारडं असं उलटल्यावर १९६० चा ताण येणं शक्यच नव्हतं. तिला घराची सगळी खबर आहे, पण ती कुणाला सांगणार? अखेर त्या झुंबरालाच गळफास लावून ती सगळ्या कुटुंबासमोर पेटते. जुनी मोलकरीण मात्र आयुष्यभर सगळं पाहून गप्प राहिलेली. त्या गप्प राहण्यावर तिचा मुलगा सरकारी वकील झालाय. सिनेमातलं खरं दुखणं हे आहे.

मध्ये २०१६ साली पार्क चान-वूक यांचा 'द हँडमेडन' आला. कथा सेरा वॉटर्स यांच्या इंग्रजी कादंबरीवरून घेतलेली, पण आणून ठेवली जपानी अमलाखालच्या कोरियात. तिथे दासीच मुळात ठकसेनाने पेरलेली आहे आणि तीच घटना आपल्याला दोनदा, दोघींच्या नजरेतून दिसते. त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं.

'पॅरासाइट'मध्ये बोंग यांनी किम यांचा जिना घेतला आणि तो अख्ख्या शहरावर पसरला. विद्यार्थी असताना बोंग एका श्रीमंत घरी शिकवणीला जात, हा त्यांचा स्वतःचा अनुभव या कथेच्या मुळाशी आहे. सिनेमातला गरीब घरचा मुलगा खोट्या कागदपत्रांवर शिकवणी मिळवतो, मग बहीण, बाप, आई असे एकामागून एक नोकर म्हणून घरात शिरतात. त्यासाठी जुन्या मोलकरणीला घालवावं लागतं. तिला पीचची ॲलर्जी आहे हे हेरून तिला क्षयरोगी ठरवलं जातं. मालकीण खातरजमा करत नाही, तिला फक्त ओळखीतलं दुसरं माणूस हवं असतं.

पण त्या घराची सगळ्यात मोठी खबर जुन्या मोलकरणीकडेच आहे. घर बांधणाऱ्या वास्तुविशारदाकडेही तीच कामाला होती, त्यामुळे तळघराखालचं बंकर तिला ठाऊक आहे, मालकांना नाही. सावकारांपासून लपलेला तिचा नवरा तिथे चार वर्षं राहतोय. ती पावसात दारावर परत येते तेव्हा सिनेमा वळतो. इथून पुढची मारामारी नोकरांचीच नोकरांशी आहे. श्रीमंत कुटुंब तर गावाला गेलंय.

त्या रात्रीचा एक प्रसंग सावकाश पाहण्यासारखा आहे. मालकिणीचा फोन येतो: पावसामुळे आम्ही परत येतोय, मुलासाठी नूडल्स करून ठेवा. दोन प्रकारच्या पाकिटातल्या स्वस्त नूडल्स एकत्र करायच्या आणि वर महागड्या कोरियन गोमांसाचे तुकडे. आधण ठेवलेलं आहे, मांस परतलं जातंय, आणि त्याच मिनिटांत माणसांना ओढत तळघरात कोंडलं जातंय. ताण कशाचा, तर हुकूम वेळेवर पूर्ण होईल का याचा. मालक आल्यावर मुलगा बागेतल्या तंबूत जाऊन बसतो आणि नूडल्स मालकीणच खाते.

त्यानंतर मालक-मालकीण सोफ्यावर पडलेले, आणि जवळच्या टेबलाखाली बाप, मुलगा, मुलगी श्वास रोखून. मालक ड्रायव्हरच्या अंगाच्या वासाबद्दल बोलतो. कपडे, भाषा, कागदपत्रं सगळं बदलता आलं, पण अर्ध्या तळघरातल्या खोलीचा कुबट वास अंगातून जात नाही. टेबलाखालचा बाप ते ऐकतो. सुटका झाल्यावर तिघं भर पावसात उताराने, बोगद्याने, पायऱ्यांमागून पायऱ्या उतरत घरी पोहोचतात, तर खोलीत गटाराचं पाणी छातीपर्यंत. ती गल्ली म्हणजे पाण्याच्या टाकीत उभारलेला सेट होता, म्हणूनच तो असा बुडवता आला. दुसऱ्या दिवशी मालकीण गाडीत मागे बसून फोनवर कुणाला तरी सांगते की पावसाने हवा कशी स्वच्छ झाली, आणि नाकाला वास येताच काच खाली करते. पुढे वाढदिवसाच्या पार्टीत मालक नाक दाबतो आणि बापाच्या हातून सुरा चालतो, त्याची तयारी या दोन वाक्यांत झालेली असते.

अशा अर्ध्या तळघरातल्या खोल्यांना तिथे 'बांजिहा' म्हणतात. उत्तरेकडून हल्ला झाला तर आसरा हवा म्हणून १९७० मध्ये नव्या इमारतींना तळघरं सक्तीची झाली. सोलमध्ये जागा महागल्यावर ती भाड्याने दिली जाऊ लागली आणि १९८० च्या दशकात त्यांना कायद्याची मान्यता मिळाली. ऑगस्ट २०२२ च्या अतिवृष्टीत सोलच्या सिल्लिम भागातल्या अशाच एका खोलीत एका कुटुंबातले तिघं बुडून मेले. त्यानंतर या खोल्या हळूहळू बंद करण्याचं शहराने जाहीर केलं. सिनेमा येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार आणि चार ऑस्करही मिळून गेले होते.

पाहायला सुरुवात करायची असेल तर १९६० पासून करावी. त्या सिनेमाची मूळ प्रत खराब झाली होती. दोन रिळं तर फक्त हाताने लिहिलेल्या इंग्रजी उपशीर्षकांसह मिळाली. कोरियन फिल्म आर्काइव्हने मार्टिन स्कोर्सेसी यांच्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशनच्या मदतीने २००८ साली तो पुन्हा उभा केला. मधेच चित्र जरा बिघडल्यासारखं वाटलं तर ती ही रिळं आहेत हे ओळखावं आणि पाहत राहावं.