पहिली क्रूझ, लेखांक ४ : आधी समुद्र ठरवा, मग जहाज

पहिल्या क्रूझची चौकशी करणारे बहुतेक जण जहाजापासून सुरुवात करतात. मजले किती, पोहायचे तलाव किती, जैन जेवण मिळतं का, संध्याकाळी कार्यक्रम कोणते. हे सगळं विचारावंच, पण नंतर. आधी विचारायचं ते हे, की जहाज कोणत्या समुद्रातून आणि कोणत्या महिन्यात जाणार आहे? पहिल्याच सफरीत ज्याला बोट लागते आणि ज्याचे दोन दिवस केबिनमध्ये पडून जातात, तो पुन्हा समुद्राचं नाव काढत नाही. ही वेळ बरीचशी टाळता येते, आणि टाळायची ती तिकीट काढतानाच. म्हणून आजचा लेखांक फक्त याच विषयावर.

आपल्या दारचा अरबी समुद्र आधी घेऊ. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरींसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सुखाचे. समुद्र बहुधा शांत असतो, हवा कोरडी असते आणि डेकवर दुपारीही बसवतं. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्येकडून लांब लाटा यायला लागतात. किनाऱ्यावर अजून ऊन असतं, आकाश निरभ्र असतं, तरी जहाज हलतं, कारण त्या लाटा शेकडो मैल दूरच्या वाऱ्याने उठवलेल्या असतात. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचेही काळ. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर हे मनात धरूनच जावं. दर वर्षी वादळ येतंच असं नाही, पण आलं तर मार्ग बदलतो.

कोकणातल्या जुन्या माणसांना यातलं काही सांगावं लागत नाही. कोकणच्या आगबोटी पावसाळ्यात बंद असायच्या, आणि महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला आजही बंदी असते. त्या बंदीमागे माशांचं प्रजनन हे कारण आहे, तसंच खवळलेला समुद्र हेही. क्रूझ कंपन्याही हंगाम पाळतात. कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ हे १९९० साली बांधलेलं, सुमारे २१० मीटर लांबीचं जहाज २०२१पासून मुंबईहून सफरी करू लागलं. २०२३च्या पावसाळ्यात मात्र त्याच्या सफरी चेन्नईहून श्रीलंकेकडे होत्या. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा मारा पश्चिम किनाऱ्यावर थेट येतो, तमिळनाडूची बाजू त्या मानाने आडोशाला राहते. म्हणजे जून-जुलैतच रजा मिळत असेल, तर पश्चिम किनाऱ्याचा हट्ट धरू नका.

परदेशी जायचं असेल तर पहिल्या सफरीसाठी मी सिंगापूर, पेनांग, फुकेत हा मार्ग सुचवेन. मलाक्काच्या सामुद्रधुनीला एका बाजूने सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूने मलाया द्वीपकल्प असा आडोसा आहे, त्यामुळे मोठ्या लाटा तिथे फारशा पोचत नाहीत. अलास्काची हौस असेल तर व्हँकूव्हरहून निघून तिथेच परतणारी सफर पाहा. तिचा मोठा भाग बेटांच्या आतल्या जलमार्गाने जातो. एकेरी सफरी मात्र पुढे अलास्काच्या उघड्या आखातातून जातात. ग्रीक बेटांवर जुलै-ऑगस्टमध्ये ‘मेल्टेमी’ नावाचा उत्तरेचा वारा जोरात वाहतो आणि छोटी बंदरं कधीकधी वगळावी लागतात. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम, आणि त्याच्या मध्यावर, सप्टेंबरमध्ये, तिकिटं स्वस्त मिळतात. ती स्वस्ताई अनुभवी प्रवाशांसाठी ठीक आहे, पहिलटकरांसाठी नाही.

बंदर वगळलं तर पैसे परत मिळतात का, हे मला नेहमी विचारतात. बहुतेक कंपन्यांच्या करारात मार्ग बदलण्याचा, बंदर सोडून देण्याचा अधिकार कंपनीकडे असतो. परत मिळाली तर साधारणपणे त्या बंदराच्या शुल्काएवढीच रक्कम मिळते. कप्तानाने बंदर सोडलं तर वाईट वाटून घेऊ नका, तो निर्णय तुमच्या सुरक्षिततेसाठीच असतो.

आता केबिन. आधुनिक जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. जहाज डावी-उजवीकडे डुलतं ते या पंखांमुळे बरंच कमी होतं, पण नाळ वर उचलली जाऊन खाली आपटते ते त्यांना थांबवता येत नाही. या हालचालीचा त्रास टोकांना सर्वांत जास्त आणि मधोमध सर्वांत कमी. उंची वाढते तसं डुलणंही जास्त जाणवतं. म्हणून ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन मागून घ्यावी. वरच्या मजल्यावरच्या महागड्या बाल्कनीपेक्षा खालची साधी खिडकीची केबिन त्यांना जास्त सुखाची जाईल. आई-बाबांना घेऊन जात असाल तर तीच लिफ्टच्या जवळ पाहा. ‘गॅरंटी’ प्रकारचं स्वस्त तिकीट घेतलंत तर केबिन कंपनी ठरवते, आणि ती अगदी पुढच्या टोकालाही मिळू शकते. डेकचा नकाशा मागून घ्या आणि केबिनच्या थेट वर-खाली काय आहे ते बघा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली नाट्यगृह असेल तर रात्री ढोल ऐकू येतात.

समुद्र खवळणार असेल तर जहाजावरच्या कर्मचाऱ्यांना आधीच कळवलेलं असतं. लिफ्टपाशी, जिन्याच्या कठड्यात खोचलेल्या कागदी पिशव्या दिसू लागल्या की समजावं. त्याच वेळी गोळी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. कोणती गोळी, हे निघण्यापूर्वी घरच्या डॉक्टरांना विचारा. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्यांपैकी काही चालत नाहीत. उपाशी राहू नका. कोरडी पोळी, बिस्किटं, आलेपाक असं थोडं थोडं खा. केबिनमध्ये मोबाइलकडे बघत बसण्यापेक्षा उघड्या डेकवर, जहाजाच्या मध्यावर उभं राहून क्षितिजाकडे बघितलं की पुष्कळदा उतार पडतो.

शेवटचा प्रश्न ज्येष्ठांसाठी, आणि तो तिकीट काढतानाच विचारायचा : प्रत्येक ठिकाणी जहाज धक्क्याला लागणार, की प्रवाशांना छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेणार? गोव्याला मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागतं, जिना उतरलं की जमीन. लक्षद्वीपला मात्र ते खडकांच्या कड्याबाहेर खोल पाण्यात उभं राहतं, ग्रीसमध्ये सांतोरिनीलाही तसंच. कोकणात आगबोटीतून पडावात उतरलेल्यांना हा प्रकार ठाऊक असेल. जहाज स्थिर वाटतं, पण खालची बोट हात-दीड हात वरखाली होत असते. दोन खलाशी तुमचे हात कोपराखाली घट्ट धरतात आणि बोट वर आली की ‘आता’ म्हणतात, त्या क्षणी पाऊल टाकायचं. आपणही त्यांचा हात मनगटाजवळ धरावा, नुसती बोटं धरू नयेत. पर्स, काठी, कॅमेरा आधी त्यांच्याकडे द्यायचा, दोन्ही हात मोकळे ठेवायचे. गुडघे दुखत असतील, चाकाची खुर्ची लागत असेल, तर अशा ठिकाणी उतरू देतीलच असं नाही. आठ दिवसांच्या सफरीत चार ठिकाणी असं असेल, तर आजी-आजोबांसाठी वेगळी सफर बघा.

पुढच्या आठवड्यात कागदपत्रं : एकाच सफरीत दोन-तीन देश असले की कोणते व्हिसा लागतात, आणि परत येताना दुसऱ्यांदा प्रवेशाची मुभा का तपासावी लागते.