फडकं मऊ, धूळ दगडाची

धसई गावाच्या शिवारात भाताची झोडणी सुरू झाली की खळ्यावरचं तूस वाऱ्याबरोबर गावात येतं. त्यात रस्त्याची धूळ मिसळते, आणि सकाळी अंगणातल्या गाडीच्या बोनेटवर पिवळट थर बसलेला दिसतो. निघायची घाई असते. हाताला लागेल ते मऊ फडकं घेऊन कोरडेच चार हात फिरवले जातात. गाडी लखलखते. दुपारी उन्हात उभी केल्यावर मात्र त्याच बोनेटवर कोळिष्टकासारख्या बारीक गोल रेघा चमकू लागतात, आणि दोष जातो फडक्याकडे.

मायक्रोफायबरची फडकी आता तालुक्याच्या बाजारातही मिळतात. ती कशी निवडावी आणि कशी जपावी याबद्दल ऐकीव गोष्टी पुष्कळ आहेत. गाडी कर्ज काढून घेतलेली असते, तिच्यावर घर चालत असतं. म्हणून या गोष्टी एकदा नीट तपासून घेऊ.

गैरसमज १: कापड मऊ असलं की ओरखडे पडत नाहीत.

वस्तुस्थिती: ओरखडा काढते ती कापडाखाली सापडलेली धूळ. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाचा कठीणपणा मोह्सच्या मापावर ६ च्या आसपास भरतो, तर चाकूच्या साध्या पोलादाचा साधारण ५.५. म्हणजे या दगडाचा भुगा चाकूच्या पात्याहून कमी नाही. भाताचं तूसही दिसतं तितकं निरुपद्रवी नसतं. ते जाळल्यावर उरणाऱ्या राखेचा बहुतांश भाग सिलिका असतो, म्हणजे वाळूत असतं तेच द्रव्य. आणि हे सगळं आपण ज्यावर घासतो, तो गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसाहूनही बहुधा पातळ. कापड कितीही मऊ असो, त्याखाली कण अडकला की त्याचा पॉलिश पेपर होतो.

गैरसमज २: मायक्रोफायबर धूळ ओढून घेतं, मग पाणी कशाला?

वस्तुस्थिती: गाडीच्या आतल्या डॅशबोर्डवरची हलकी धूळ कोरड्या फडक्याने छान निघते. बाहेरचा करकरीत थर मात्र पाण्याने सुटा करूनच काढावा लागतो. त्यासाठी नळी सोडून ठेवायची गरज नाही. नळी मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी सहज सोडते, दहा मिनिटांत शंभर लिटरच्या पुढे. शेजारच्या ज्या शहापूर तालुक्यातून तानसा आणि भातसा मुंबईची तहान भागवतात, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. तिथे शंभर लिटर म्हणजे थोडं पाणी नव्हे.

दोन बादल्या पुरतात. एकीत गाडीच्या शांपूचं पाणी, दुसरीत साधं. आधी तांब्याने पाणी ओतून टपापासून खालपर्यंत धूळ वाहू द्या. मग शांपूत बुडवलेलं फडकं सरळ रेषेत, जोर न लावता फिरवा. प्रत्येक भाग झाला की फडकं साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शांपूत घाला. साध्या पाण्याच्या तळाशी जो गाळ बसेल, तो एरवी तुमच्या रंगावर घासला गेला असता.

गैरसमज ३: जुनं बनियन काय वाईट? मायक्रोफायबर ही नुसती हौस.

वस्तुस्थिती: धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड वाईट नाही. त्याने टायर, दाराच्या खाचा, पायदाणी खुशाल पुसा. रंगावर मात्र त्याची शिवण आणि अडकलेली माती त्रास देते. मायक्रोफायबरचा तंतू इतका बारीक असतो की ९ किलोमीटर लांबीचा तंतू एक ग्रॅमही भरत नाही. चांगल्या फडक्यात हा तंतूही उभा चिरलेला असतो. त्या फटींमध्ये बारीक धूळ जाऊन बसते, आणि समईची वात तेल वर ओढते तसं पाणी दोन तंतूंमधल्या जागेत ओढलं जातं. जपानच्या टोरे कंपनीतले संशोधक मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये अशाच अतिसूक्ष्म तंतूंपासून मखमली चामड्यासारखं कापड तयार केलं. पुसायचं फडकं त्याच विद्येतून पुढे आलं.

गैरसमज ४: जितकं जाड, तितकं चांगलं.

वस्तुस्थिती: जाडी कामाप्रमाणे बघावी. वेष्टनावर ‘जीएसएम’ लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. काचेला २०० ते ३०० जीएसएमचं, बसक्या विणीचं फडकं बरं, कारण लांब लव काचेवर पट्टे सोडते. रंग पुसायला ३०० ते ४०० पुरतं. धुतल्यावर पाणी टिपायला त्याहून जाड घ्यावं.

छापलेल्या आकड्यावर भरवसा नसेल तर पडताळा सोपा आहे. त्याला हवा तो दुकानातल्या गल्ल्याशेजारचा वजनकाटा. ४० सेंटिमीटर लांब आणि तितकंच रुंद, ३०० जीएसएमचं फडकं ४८ ग्रॅम भरायला हवं, ४०० चं ६४ ग्रॅम. ३० ग्रॅमच भरलं तर ते २०० च्याही खालचं.

वजन बरोबर असूनही तंतू चिरलेले नसू शकतात. त्यासाठी फरशीवर थोडं पाणी सांडा आणि फडकं हलकेच त्यावरून न्या. चांगलं फडकं पाणी पितं, कच्चं पाणी पुढे ढकलतं. कोरड्या तळहातावर फिरवलं तर चांगल्या फडक्याचे तंतू कातडीला किंचित अडकतात. पॉलिएस्टर ८० टक्के आणि नायलॉन २० टक्के हे मिश्रण नेहमीचं, ७० आणि ३० चंही मिळतं. कडेची शिवण राठ नसावी. कापडाला शिवलेली चिठ्ठी वापरायच्या आधी कापून टाका, तिचाही ओरखडा उठतो.

गैरसमज ५: एकच फडकं सगळ्या गाडीला चालतं.

वस्तुस्थिती: चाकाच्या रिंगवर ब्रेकमधून झिजलेला लोखंडाचा भुगा असतो. तेच फडकं दारावर आलं की दाराला तो भुगा लागतो. तीन रंगांची फडकी ठेवा: एक रंगाला, एक काचेला, एक चाकांना. ही वाटणी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. फडक्याची चार पदरी घडी केली की पुसायला आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी उलटा. आणि रंगाचं फडकं जमिनीवर पडलं तर झटकून पुन्हा वापरू नका, ते धुवायलाच टाका.

गैरसमज ६: कपडे मऊ करणारं द्रव घातलं, उकळून काढलं की फडकं नव्यासारखं होतं.

वस्तुस्थिती: होतं ते उलटंच. त्या द्रवाचा मेणचट थर तंतूंवर बसतो, फटी बुजतात आणि पाणी पिणं थांबतं. उकळत्या पाण्याने, इस्त्रीने बारीक तंतू आखडतात, फडकं राठ होतं. ब्लीच तंतू कमकुवत करतं. कोमट किंवा गार पाणी, थोडा द्रव साबण, हलकं चोळणं आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळणं, एवढंच लागतं. सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, टॉवेलचा कापूस त्याला चिकटतो आणि मग काचेवर उतरतो.

गैरसमज ७: हे कापड ओलं राहिलं तरी बिघडत नाही.

वस्तुस्थिती: तंतू कुजत नाहीत, पण त्यात उरलेला मळ आणि साबण बुरशीला पुरतो. आषाढ-श्रावणात चार दिवस ऊन दिसत नाही, आणि डिकीत कोंबलेलं ओलं फडकं कुबट होतं. पडवीत दोरीवर, वारं लागेल असं, पूर्ण उलगडून वाळवा. उन्हाळ्यातही सावलीच बरी. वाळल्यावर डब्यात किंवा पिशवीत झाकून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी फडकंच धूळ घेऊन येईल.

गैरसमज ८: कापडच ते, ओढ्यावर धुतलं, फाटल्यावर चुलीत घातलं तर काय होतं?

वस्तुस्थिती: पॉलिएस्टर आणि नायलॉन ही दोन्ही प्लास्टिकं. प्रत्येक धुण्यात डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात. ओढ्यावर धुतलं तर ते थेट पाण्यात जातात, आणि त्याच पाण्यावर गुरं येतात. म्हणून बादलीत धुवा आणि ते पाणी ओढा-विहिरीपासून लांब टाका. जाळलं तर वितळून काळा, विषारी धूर होतो. चुलीजवळ बसणाऱ्या माणसाच्या छातीत तो जाऊ नये.

नीट जपलेलं फडकं फार दिवस टिकतं, आणि त्याला उतरत्या क्रमाने काम देता येतं. पाणी पिणं कमी झालं, लव बसली, की रंगावरून चाकांकडे. चाकांवरूनही उतरलं की गार असताना इंजिनाच्या आसपास, मग सायकलच्या साखळीला. तापलेल्या सायलेन्सरला मात्र लावू नका, तिथे ते वितळून चिकटेल. ज्या दिवशी चाकांचं फडकं साखळीला जाईल, त्या दिवशी एक नवं फडकं काट्यावर ठेवून घ्या, आणि ४८ ग्रॅम भरतात का ते बघा.