बोर्डो मिश्रणातील आम्ल व अल्क

नाशिक जिल्ह्यातील निफाड व दिंडोरी या तालुक्यांत द्राक्षावरील केवडा रोगाच्या बंदोबस्तासाठी बोर्डो मिश्रण फवारतात. फ्रान्समधील बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी ते १८८५ साली प्रसिद्ध केले.

आम्लामुळे निळा लिटमस कागद तांबडा होतो. अल्कामुळे तांबडा कागद निळा होतो. योग्य प्रमाणात एकत्र आल्यास दोन्ही परस्परांचा गुण नाहीसा करतात. मोरचुदाचे पाणी आम्लधर्मी, तर चुन्याचे अल्कधर्मी असते.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवावे. १ किलो कळीचा चुना विरवून, तितक्याच पाण्यात कालवून गाळून घ्यावा. दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकदम ओतून ढवळावीत. भांडी लाकडी, मातीची किंवा प्लॅस्टिकची असावीत. लोखंडावर मोरचुदातील तांबे बसते.

उघड्यावर राहिलेल्या चुन्याचा जोर हवेतील कार्बन डायऑक्साइड वायूमुळे कमी होतो. अशा वेळी वजन बरोबर असूनही मिश्रण आम्लधर्मी राहते आणि त्यातील विरघळलेले तांबे कोवळी पाने व मणी करपवते. म्हणून केवळ वजनावर विसंबू नये. निळा लिटमस कागद तांबडा झाल्यास, किंवा स्वच्छ लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून तिच्यावर तांबूस थर आल्यास, आणखी चुन्याचे पाणी घालून पुन्हा तपासावे. तयार मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

ही परीक्षा बागाइतदारांना प्रत्यक्ष करून दाखवावी.