जुनी मोटर क्रूझर : देखभाल आणि दुरुस्ती (लेखांक पाचवा) – इंजिनाला गार ठेवणारे पाणी

मागील लेखांकात फायबरग्लासच्या सांगाड्यात पाणी कसे मुरते आणि त्यामुळे उठणारे फोड कसे ओळखावेत, याचा विचार झाला. १९६० आणि १९७० च्या दशकांत ब्रिटनमध्ये बांधलेल्या मोटर क्रूझर, म्हणजे केबिन असलेल्या व इंजिनावर चालणाऱ्या सहलीच्या नौका, सांगाड्याच्या बाबतीत आजही बहुधा भक्कम आहेत, असा त्या विवेचनाचा निष्कर्ष होता. नॉरफोकमधील ब्रंडल येथील ब्रूम, नॉर्थम्प्टनशरमधील औंडल येथील फेअरलाइन आणि लेस्टरशरमधील हिंक्ली येथील फ्रीमन या कारखान्यांनी त्या काळात फायबरग्लासचे थर सढळ हाताने चढवले. परिणामी नौका टिकली, पण तिच्या पोटातील इंजिन टिकले नाही, अशी स्थिती आज अनेक मालकांपुढे उभी राहते.

इंजिन न टिकण्याचे कारण अतिवापर हे मात्र क्वचितच असते. सहलीची नौका वर्षाकाठी साधारण ५० ते १०० तास चालते, तर नीट राखलेले सागरी डिझेल इंजिन काही हजार तास काम देते, म्हणजे केवळ झिजेचा हिशेब केला तर ते अर्धशतक सहज चालावे. प्रत्यक्षात ते त्याआधीच निकामी होते, कारण उरलेले सारे वर्ष नौका धक्क्याला बांधलेली असते आणि त्या काळात इंजिनाच्या मार्गांत साचून राहिलेले पाणी, मीठ आणि हवा यांचे धातू कुरतडण्याचे काम अखंड चालू राहते. जुने इंजिन चालून जितके झिजते त्याहून अधिक ते उभे राहून खंगते, हे सूत्र मान्य केले की देखभालीचा भर कोठे असावा याचेही उत्तर मिळते. इंजिन गार ठेवणारी यंत्रणा ही या खंगण्याची मुख्य जागा होय, आणि तिच्या देखभालीला दुर्मीळ कौशल्यापेक्षा नियमितपणा अधिक लागत असल्यामुळे स्वतः काम करणाऱ्या मालकाचा हात येथे सर्वाधिक उपयोगी पडतो.

दोन पाण्यांची व्यवस्था

जुन्या डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग नौका ढकलणारा पंखा फिरवण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत साठू लागतो, जो सतत काढून घेणे आवश्यक असते. मोटारगाडीत हे काम रेडिएटर आणि वारा करतात. नौकेत वाऱ्याऐवजी भोवतीचे पाणी वापरले जाते. त्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या, थेट पद्धतीत समुद्राचे किंवा नदीचे पाणी सरळ इंजिनाच्या पोटातून फिरवून बाहेर टाकतात. ही रचना सोपी आणि स्वस्त असली तरी खाऱ्या पाण्यातील क्षार तापल्यावर नळ्यांना धरू लागतात, म्हणून अशा इंजिनाचे तापमान ६० अंश सेल्सियसच्या आसपासच रोखावे लागते, आणि तेवढ्या कमी तापमानात इंधनाचे ज्वलन चांगले होत नाही.

दुसऱ्या, अप्रत्यक्ष पद्धतीत इंजिनात गंजरोधक कूलंट मिसळलेले गोडे पाणी बंदिस्त फिरते आणि त्याची उष्णता हीट एक्स्चेंजर नावाच्या भागात बाहेरच्या पाण्याला दिली जाते. पाणी तापवायच्या बंबात निखारे आणि पाणी एकमेकांना न शिवता तांब्याच्या पत्र्यातून उष्णता पलीकडे जाते, तसेच हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांच्या जुडग्यातून खारे पाणी वाहते, नळ्यांच्या बाहेरून गरम गोडे पाणी फिरते आणि दोन्ही कधीच एकत्र येत नाहीत. या पद्धतीत इंजिन ८० अंशांच्या आसपास चालू शकते. पीटरबरो येथील पर्किन्स कंपनीचे ४.१०८ हे १.७६ लिटरचे, सुमारे ५० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन त्या पिढीच्या असंख्य नौकांत बसवलेले आढळते, आणि त्यावर बर्मिंगहॅमच्या बोमन कंपनीचा हीट एक्स्चेंजर वारंवार दिसतो. पुढील विवेचन प्रामुख्याने अशाच रचनेला धरून केले आहे.

सीकॉकपासून इम्पेलरपर्यंत

बाहेरचे पाणी नौकेत शिरते ते सीकॉकमधून. पाण्याच्या पातळीखाली तळाला पाडलेल्या छिद्रावर बसवलेली ही बंद-उघड होणारी झडप होय. ती निकामी झाली तर नौका बुडू शकते, म्हणून तपासणीचा आरंभ येथूनच करावा. जुन्या नौकांत अनेकदा साध्या पितळेचे भाग सापडतात. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण असल्याने खाऱ्या पाण्यात त्यातील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ सांगाडा उरतो. बाहेरून आकार जसाच्या तसा दिसतो, पण खरवडल्यावर धातू पिवळ्याऐवजी गुलाबी दिसला तर तो भाग बदलण्यास एक दिवसही विलंब करू नये. बदली भाग ब्राँझचा किंवा जस्त न सोडणाऱ्या खास पितळेचा असावा. झडप महिन्यातून एकदा तरी पूर्ण बंद-उघड करावी, अन्यथा ती जागच्या जागी जाम होते आणि नेमक्या आणीबाणीच्या वेळी हलत नाही. तसेच छिद्राच्या मापाची लाकडी खुंटी प्रत्येक सीकॉकला दोरीने बांधून ठेवावी.

सीकॉकनंतर गाळणी आणि त्यानंतर पंप येतो. या पंपाचा आत्मा म्हणजे इम्पेलर, म्हणजे रबराच्या लवचीक पात्यांचे चाक. पंपाच्या गोल पोकळीचा एक भाग मुद्दाम उथळ ठेवलेला असतो. तेथून जाताना पाती वाकतात, पुढे सरकल्यावर पुन्हा ताठ होतात, आणि या आकुंचन-प्रसरणामुळे पाणी ओढले व ढकलले जाते. फिरणाऱ्या रबराला वंगण मिळते ते पाण्याचेच, म्हणून सीकॉक बंद असताना इंजिन सुरू केले तर पाती मिनिटभरातही फाटू शकतात. ही चूक टाळण्याची सोपी रीत अशी की, झडप बंद करताच इंजिनाची किल्ली तिच्याच दांडीला अडकवून ठेवावी, म्हणजे किल्ली घेण्यास गेलेला हात झडपेपर्यंत पोहोचतोच.

इम्पेलर दरवर्षी बदलावा आणि एक नवा नेहमी नौकेवर ठेवावा. चार महिने उभ्या असलेल्या पंपात तीच ती पाती वाकलेल्या स्थितीत राहून कायमची मुडपतात, त्यामुळे कमी चाललेल्या इंजिनाचा इम्पेलर अधिक टिकतो हा समज चुकीचा ठरतो. जुना इम्पेलर काढल्यावर पाती मोजणे अत्यावश्यक आहे. एखादा तुकडा तुटलेला असेल तर तो पाण्याबरोबर पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असतो, आणि तो शोधून काढल्याशिवाय नवा इम्पेलर बसवल्यास पाण्याचा प्रवाह अपुराच राहतो. पंपाच्या दांड्यावर पाण्यासाठी एक आणि तेलासाठी एक अशी दोन सील असतात आणि त्यांच्यामध्ये एक फट मोकळी सोडलेली असते. त्या फटीतून पाणी ठिबकू लागले म्हणजे पाण्याकडील सील संपले, तेल ठिबकू लागले म्हणजे तेलाकडील, असे निदान हत्यार न उचलता करता येते.

नळ्यांची सफाई आणि बळी जाणारा धातू

हीट एक्स्चेंजरच्या नळ्या क्षारांनी, शेवाळाने आणि रबराच्या कणांनी कालांतराने अरुंद होतात. बोमनच्या रचनेत दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या क्लिप सैल करून काढता येतात आणि नळ्यांचे जुडगे बाहेर सरकवता येते. मात्र ते कोणत्या बाजूने व कोणत्या कोनात बसले होते याची खूण आधी करावी, कारण उलटे बसवल्यास पाण्याचे मार्ग जुळत नाहीत. मऊ गाळ पितळेच्या बारीक सळईने निघतो. कठीण क्षारांसाठी जुडगे पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवतात. बुडबुडे थांबले की क्षार संपले असे समजून ते सोड्याच्या पाण्यात धुऊन घ्यावे. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. काम उघड्यावर, चष्मा व हातमोजे घालून करावे. आणि ज्यात जुडगे बसते ते बाहेरचे घर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने ते आम्लापासून पूर्णपणे दूर ठेवावे.

काही इंजिनांत या मार्गावर पेन्सिलीच्या आकाराचा अ‍ॅनोड बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यांपैकी अधिक क्रियाशील धातू विरघळत जातो. अ‍ॅनोड हा मुद्दाम ठेवलेला असा क्रियाशील धातू, जो स्वतः झिजून तांबे आणि लोखंड वाचवतो. खाऱ्या पाण्यासाठी जस्त, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियम आणि मचूळ पाण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू योग्य ठरतात. नॉरफोकमधील ब्रॉड्ससारख्या जलप्रदेशात, जेथे वरच्या अंगाला नद्या गोड्या असून ग्रेट यार्मथकडे जाताना त्यांच्यात समुद्राचे पाणी मिसळते, नौकेचा मुक्काम कोठे असतो ते पाहूनच धातू निवडावा. अर्धा झिजलेला अ‍ॅनोड बदलावा. मुळीच न झिजलेला अ‍ॅनोडही समाधानाची गोष्ट नव्हे, कारण त्याचा अर्थ बहुधा त्याचा संपर्क तुटला आहे असा असतो.

धुराची वाट

काम झालेले बाहेरचे पाणी अखेरीस एक्झॉस्ट एल्बो या वाकलेल्या नळीत धुरात मिसळले जाते. चार-पाचशे अंशांपर्यंत तापलेला धूर तेथे एकदम निवतो आणि म्हणूनच पुढचा मार्ग रबरी होजचा ठेवता येतो. उष्णता, मीठ आणि धुरातील आम्ले एकत्र येत असल्यामुळे संपूर्ण यंत्रणेतील सर्वांत कठीण जागा हीच असते. एल्बो आतून काजळी व गंजाने भरत जातो, किंवा त्याची आतली भिंत झिजून पाणी उलट इंजिनाकडे झिरपते, आणि उभ्या इंजिनात झडपा गंजून जाम होतात. दर दोन-तीन वर्षांनी तो काढून आत पाहणे हाच यावरचा उपाय आहे.

पाणी मिसळण्याची जागा नौकेच्या जलरेषेखाली किंवा तिच्या वर १५० मिलिमीटरपेक्षा कमी उंचीवर असेल, तर थांबलेल्या इंजिनात बाहेरचे पाणी आपोआप ओढले जाऊ नये म्हणून होजला उंच वळसा देऊन त्याच्या माथ्यावर हवेची लहान झडप बसवतात. ती मिठाने बुजते, म्हणून दरवर्षी धुवावी. सुरू न होणारे इंजिन स्टार्टरने पुन्हा पुन्हा फिरवणेही तितकेच घातक असते, कारण पंप पाणी पुढे ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकण्यास धुराचा दाब नसतो. ते एक्झॉस्टमध्ये साचून सिलिंडरमध्ये शिरते, आणि पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी सीकॉक बंद करून प्रयत्न करावा आणि इंजिन सुरू होताच तो उघडावा. एक्झॉस्टच्या गळक्या जोडाचा धोका इंजिनापुरता राहत नाही. केबिनमध्ये शिरणारा कार्बन मोनॉक्साइड वासरहित व प्राणघातक असतो, आणि ब्रिटनच्या अंतर्गत जलमार्गांवरील बोट सेफ्टी स्कीमने एप्रिल २०१९ पासून राहण्याची सोय असलेल्या नौकांवर त्याचा इशारा देणारे यंत्र बंधनकारक केले आहे.

लक्षणांवरून निदान आणि हिवाळ्याची तयारी

तापमानाचा काटा बारकाईने पाहिला तर बहुतेक दोष उघड होतात. मंद गतीत तापमान ठीक राहून वेग वाढवताच चढत असेल, तर नळ्या अरुंद झाल्या आहेत किंवा पंप अपुरे पाणी देत आहे. ते अचानक चढले तर इम्पेलर फाटला आहे किंवा तळाच्या छिद्रावर प्लास्टिकची पिशवी बसली आहे. आणि ते कधीच पुरेसे चढत नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणारी झडप, उघडीच अडकली आहे. कूलंटची पातळी बाहेर गळती न दिसता घटत असेल तर हीट एक्स्चेंजरची नळी किंवा रबरी सील फुटले असण्याचा संभव असतो, आणि इंजिनाचे तेल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे हे निश्चित समजावे.

हिवाळ्यात नौका उभी करण्यापूर्वीची तयारी या साऱ्या विवेचनाचे सार आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि इंजिनाचा ओतीव ठोकळाही फोडू शकते, म्हणून बंदिस्त भागात गोठणरोधक कूलंट योग्य प्रमाणात असावे व ते दर दोन वर्षांनी बदलावे, कारण त्यातील गंजरोधक घटक आधी संपतात. बाहेरच्या पाण्याचा मार्ग गोड्या पाण्याने धुऊन रिकामा करावा आणि इम्पेलर काढून ठेवावा. मुंबई किंवा गोव्याच्या पाण्यात गोठण्याची भीती नसली तरी उष्ण समुद्रामुळे कवचधारी जीव व शेवाळ तळाच्या छिद्रांवर बारमाही धरतात, तेव्हा तेथे पावसाळ्याआधी नौका वर ओढताना हेच धुणे तितक्याच काटेकोरपणे करणे हिताचे ठरते.

प्रत्येक फेरीतील इंजिनाची गती, तापमान आणि तेलाचा दाब एका वहीत नोंदवण्याची सवय या सर्व कामांना जोडून घ्यावी. ८० अंशांवर स्थिर असणारे इंजिन एका हंगामात त्याच गतीला ८५ अंश दाखवू लागले, तर तो बदल काट्याकडे सहज पाहून लक्षात येत नाही, पण वहीत तो स्पष्ट उमटतो; आणि वर्षातून एकदा येणाऱ्या कारागिराला जे दिसू शकत नाही ते मालकाला यामुळेच दिसते. पुढील लेखांकात इंधनाची टाकी, तिच्या तळाशी साचणारे पाणी आणि त्या पाण्यात डिझेलवर जगणारे सूक्ष्मजीव यांचा विचार केला जाईल.