इंद्रायणीचं पाणी, भिगवणचे पक्षी

हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे चारला चाकणजवळच्या कुरुळीहून निघालं, तरच ऊन वर यायच्या आत भिगवण गाठता येतं. पुणे-नाशिक महामार्गावर तेव्हाही चाकणचे कंटेनर धावत असतात. त्यांची रांग सोडून गाडी चिंबळीवरून आळंदीकडे वळते. अशा गाडीत बहुधा चार-पाच जण असतात: कोणी कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासणारा, कोणी शाळेत विज्ञान शिकवणारी, कोणी नुकतीच दुर्बीण घेतलेला कॉलेजातला मुलगा. मागे थर्मास, चपाती-चटणीचे डबे, वह्या, दुर्बिणी आणि तिपाईसकट एक स्कोप.

दुर्बिणी ८ बाय ४२ च्या. त्यातला ८ म्हणजे आठपट मोठं दिसणं आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. नवखी मंडळी १२ किंवा १६ पटींची दुर्बीण मागतात. पण पट वाढली की हाताचा कंपही तेवढाच वाढतो आणि हलत्या होडीत पक्षी नजरेत ठरतच नाही. म्हणून जुनेजाणते आठावर थांबतात. लांबचं बघायला काठावर स्कोप असतोच.

अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आळंदी, मरकळ, तुळापूर, लोणीकंद, थेऊर आणि मग सोलापूर महामार्ग. पुण्याची गर्दी टळते म्हणून लोक हा रस्ता धरतात, पण त्याचं महत्त्व वेगळंच आहे. लोणावळ्याजवळ उगम पावून देहूमार्गे आलेली इंद्रायणी मोशी आणि कुरुळी-चिंबळीच्या मधून आळंदीला जाते आणि तुळापूरला भीमेला मिळते. चाकणच्या उत्तरेकडून येणारी भामाही भीमेलाच मिळते. दुसऱ्या बाजूने पवना दापोडीजवळ मुळेत शिरते आणि मुळा-मुठेबरोबर तेही पाणी पुढे भीमेतच येतं. भीमा हे सगळं घेऊन उजनीच्या धरणात जाते. २०११ च्या जनगणनेत १७ लाखांवर गेलेलं पिंपरी-चिंचवड, भोवतालची गावं आणि औद्योगिक पट्टा यांनी वापरून सोडलेलं पाणी शेवटी तिथेच थांबतं. कुरुळीहून भिगवणला पक्षी बघायला जाणारा माणूस आपल्याच नदीच्या मागोमाग जात असतो.

भिगवण हे उजनीच्या जलाशयाचं वरचं टोक. धरण १९८० साली पूर्ण झालं. पळसदेवसारखी गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर अजूनही उघडं पडतं. धरणाची क्षमता ११७ टीएमसीच्या आसपास आणि त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत, म्हणजे कालव्याने न निघणारा. पक्ष्यांच्या दृष्टीने या हिशोबाला फार मोल आहे. पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो. मग शेतीला आवर्तनं सुटू लागतात, पाणी काठापासून मागे सरकतं आणि भिगवणच्या उथळ भागात ओला चिखल उघडा पडत जातो. या चिखलात किडे, अळ्या, शिंपले आणि शेवाळ खच्चून असतं. धरण काठोकाठ भरलेलं राहिलं तर चिखल उशिरा उघडतो आणि रोहित पक्षीही उशिरा येतात. म्हणून निघण्याआधी अनुभवी पक्षिनिरीक्षक भिगवणजवळच्या कुंभारगावच्या होडीवाल्याला फोन करून पहिला प्रश्न विचारतात तो पाण्याचा: किती उतरलंय?

कुंभारगावचे होडीवाले मुळात मासेमारी करणारे. धरणाने शेतं गेली, नदी बदलली, तसे ते जलाशयातल्या माशांवर जगू लागले. पुढे रोहित बघायला येणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्याच होड्यांतून पर्यटक फिरू लागले. पाण्याखाली कुठे जाळी लावलीय, कुठे जुन्या बांधाचे दगड आहेत, कुठे चिखल होडी धरून ठेवील, हे त्यांना काळोखातही कळतं. थवा दिसला की इंजिन बंद होतं. होडीवाला उठून मागच्या टोकाला उभा राहतो, लांब बांबू तळाशी टेकवतो आणि अंगाचा भार देऊन होडी पुढे ढकलतो. तो थेट थव्याच्या रोखाने जात नाही. तिरकस रेघ धरतो, मध्येच थांबतो, पक्ष्यांची मान बघतो.

कारण सगळं मानेवरून कळतं. रोहित खात असतो तेव्हा डोकं उलटं करून चोच पाण्यात बुडवतो. वरची चोच खाली आणि खालची वर. जाड जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करून तो पाणी आत ओढतो आणि बाहेर टाकतो. चोचीच्या कडेला असलेल्या बारीक पट्ट्यांत शेवाळ, कवचधारी सूक्ष्म जीव आणि अळ्या अडकतात. खाता खाता तो जागच्या जागी पाय आपटतो, चिखल ढवळतो आणि स्वतःभोवती गोल फिरतो. पाणी उतरलं की या फिरण्याच्या गोल खुणा चिखलात दिसतात. पंखांचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच, त्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतो. म्हणून थव्यातली करडी-मळकट पिल्लं चटकन ओळखू येतात. होडी जास्त जवळ आली की आधी काठावरच्या दोन-चार माना वर होतात. मग सगळा थवा एका दिशेने चालू लागतो. अजून पुढे गेलं की तो पाण्यावरून धावत सुटतो आणि उडतो.

माना वर झाल्या की होडी थांबलीच पाहिजे. उडत्या थव्याचा फोटो मिळावा म्हणून होडी आत घालायला लावणारे लोक अजूनही भेटतात. एवढ्या वजनाच्या पक्ष्याला पाण्यावरून धावत उडायला खूप ताकद खर्चावी लागते आणि ती त्याच चिखलातून परत मिळवायची असते. दिवसभरात अशा दहा होड्या आल्या, तर थवा ती जागाच सोडतो. जे होडीवाले जास्त पैशांचं आमिष नाकारून दूर थांबतात, ते या पक्ष्यांचे खरे राखणदार आहेत, आणि त्यांची होडी मुद्दाम निवडणं हे प्रत्येक पर्यटकाच्या हातात आहे.

सूर्य वर आला की मोजणी सुरू होते. नवख्याला वाटतं, हजार पक्षी मोजणार कसे? रीत साधी आहे, पण तिला सराव लागतो. थव्याच्या एका कडेचे दहा पक्षी एकेक करून मोजायचे. ते दहा दुर्बिणीत किती जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवायचं. मग तेवढीच जागा पुढे सरकवत दहा, वीस, तीस असं जायचं. थवा मोठा असेल तर पन्नासाचा किंवा शंभराचा तुकडा धरायचा. बदकांच्या मिश्र थव्यात आधी एकूण आकडा घ्यायचा, नंतर त्यातले थापट्या किती, तलवार बदकं किती, चक्रांग किती याचं प्रमाण काढायचं. दोघांनी एकमेकांना न सांगता मोजायचं आणि मग वह्या जुळवायच्या. आकड्यांत फार तफावत पडली तर पुन्हा मोजायचं. मापं तपासणाऱ्याला ही शिस्त लगेच रुचते; तो पहिल्याच फेरीत दाट भाग आणि विरळ भाग वेगळे धरायला सुचवतो.

सर्वांत जास्त वेळ जातो तो चिखलावरच्या छोट्या पक्ष्यांत. दुरून सगळेच करडे. तिथे रंग सोडून द्यायचा आणि चोच, पाय, चाल बघायची. लांब लालसर पायांवर तोल सांभाळत चालणारा, सरळ काळ्या चोचीचा तो शेकाट्या. बुडाशी गुलाबी असलेली लांबलचक चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी चिखलात खालीवर करतो तो काळ्या शेपटीचा पाणटिवळा. चार पावलं धावून एकदम थांबणारा, टिपून पुन्हा धावणारा, आखूड चोचीचा तो चिखल्या. पार्श्वभाग सतत खालीवर हलवत काठाकाठाने जाणारा तुतवार. चिमणीएवढा, घाईघाईने टोचे मारणारा टिलवा. प्रत्येकाची चोच वेगळ्या खोलीपर्यंत पोचते, म्हणून एकाच चिखलावर हे सगळे एकमेकांच्या तोंडचा घास न काढता पोट भरतात.

काठावरच्या हिरवळीवर पट्टकादंब चरत असतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, एवढी खूण पुरते. हे हंस मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावर वीण करतात आणि हिमालय ओलांडून खाली येतात. उपग्रह-यंत्रं बसवलेल्या पट्टकादंबांनी ७,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवरून उड्डाण केल्याची नोंद आहे. तो हंस कुंभारगावच्या काठावर गवत खुडताना बघितला की गाडीतले सगळे गप्प होतात.

यापुढचा भाग अवघड आहे, पण तो टाळून भिगवणबद्दल लिहिता येत नाही. जलाशयातलं पाणी बऱ्याचदा हिरवं दिसतं. वरच्या शहरांच्या सांडपाण्यातून आणि शेतांतल्या खतांमधून नत्र आणि स्फुरद येतं, त्यावर शेवाळ माजतं. शेवाळ आणि किडे वाढले की काही पक्ष्यांना खाणं मुबलक मिळतं. त्यामुळे पक्षी भरपूर म्हणजे पाणी चांगलं, असा निष्कर्ष काढता येत नाही. शेकाट्या नाल्याच्या तोंडाशीही सुखाने चरतो. मोशीच्या कचरा डेपोवर घारी आणि गायबगळे मोठ्या संख्येने असतात. मासा बघून सूर मारणारा कवड्या खंड्या, पायांनी मासा उचलणारा कैकर आणि नदी सुरय यांना मात्र मासे हवेत आणि ते दिसतील असं पाणी हवं. नदी सुरयाला अंडी घालायला नदीतली वाळूची बेटंही लागतात. जागतिक पातळीवर तो आता संकटग्रस्तांच्या यादीत आहे. एकूण आकड्याइतकाच कोणता पक्षी वाढला आणि कोणता घटला हा तपशील बघावा लागतो. होडीवाल्यांनाही हा बदल जाळ्यात दिसतो: पूर्वीचे मासे कमी झाले आणि बाहेरून आलेली चिलापी भरपूर झाली.

ज्यांना भिगवणची होडी नको, ते कुरुळीहून उलट्या दिशेने, नाशिक महामार्गानेच नांदूर मधमेश्वरला जातात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचं हे निफाड तालुक्यातलं अभयारण्य १९८६ साली घोषित झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथे मनोऱ्यावर बसून स्कोपने बघायचं असतं. पाणवनस्पतींत जांभळ्या पाणकोंबड्या, मोकळ्या पाण्यावर चांदव्यांचे थवे, वर घिरट्या घालणारा भोवत्या. हेही पाणी माणसाने बांध घालून अडवलेलं. राज्यातली कितीतरी पाणपक्ष्यांची ठिकाणं अशी माणसाच्या बांधकामातून तयार झाली आहेत, आणि म्हणूनच ती माणसाच्या निर्णयांवर टिकून आहेत.

दुपारी जेवणाच्या टेबलावर वह्या उघडतात आणि यादी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर चढते. पूर्ण यादी भरायची म्हणजे ओळखलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, कावळा आणि साळुंकीसुद्धा. दुर्मीळ तेवढेच लिहिले तर सामान्य पक्षी कधी घटले ते कळणारच नाही. २०२३ च्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालामागे ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी होत्या. शिकारी पक्षी, स्थलांतरित चिखलपक्षी आणि बदकं यांची घट सर्वाधिक असल्याचं त्यातूनच पुढे आलं. हौशी माणसाच्या रविवारला एवढं वजन देणारं दुसरं क्षेत्र क्वचितच असेल.

अडचण एवढीच की सगळे भिगवणलाच जातात. गाजलेल्या ठिकाणी नोंदींचा ढीग पडतो आणि घराजवळची नदी कोरी राहते. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते; भारतीय उपखंडात ती १९८७ पासून सुरू आहे. त्या वेळी कुरुळीच्या गटाला दोन तुकड्या करता येतील: एक कुंभारगावच्या होडीत, दुसरी त्याच सकाळी मोशीच्या पुलापासून आळंदीपर्यंत इंद्रायणीच्या काठाने चालत. शाळेतली मुलंही या दुसऱ्या तुकडीत सहज येतील. गणनेनंतरही महिन्यातून एकदा, ठरलेल्या जागी पंधरा मिनिटं थांबून पक्षी मोजायचे. सोबत पाण्याचा रंग, फेस, जलपर्णी आणि वास लिहायचा. वर्षभरानंतर तारीख, वेळ आणि आकडे असलेली अशी यादी कुरुळी, चिंबळी, मोई, निघोजे इथल्या ग्रामसभांपुढे ठेवता येईल. नव्या इमारतींचं सांडपाणी कुठे जातं, प्रक्रिया प्रकल्प चालू आहे की बंद, नाल्याचं तोंड कोणत्या ठिकाणी नदीत उघडतं, हे प्रश्न तिथे नेमके विचारता येतील. कोणत्या महिन्यात कुठल्या घाटावर खंड्या दिसेनासा झाला, याचं उत्तर तेव्हा वहीत लिहिलेलं असेल.